भिगवणला जायचंय, झूम लेन्स कुठली घेऊ? (बजेट १५ हजार, निकॉन डी५१००)

टेकडीकर | ३ डिसेंबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मेहुण्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना निकॉन डी५१०० माझ्या गळ्यात मारला. सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती. माझी लेक आठवीत आहे आणि तिची एक पक्ष्यांची वही आहे. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर कुठे दिसला, किती वाजता, काय करत होता. रविवारी सकाळी आम्ही दोघं पुण्याजवळ नदीकाठी, कवडीपाटला जातो. तिच्याकडे दुर्बीण, माझ्याकडे हा कॅमेरा. माझ्या फोटोत नदी झकास येते, पूल येतो, समोरच्या काठावरच्या म्हशी येतात, पक्ष्याचा मात्र ठिपका. गेल्या रविवारी घरी आल्यावर तिने एक फोटो पंधरा मिनिटं मोठा करकरून बघितला आणि शेवटी वहीत लिहिलं, "खंड्या किंवा प्लास्टिकची पिशवी."

जानेवारीत उजनी धरणाच्या पाण्यावरचे पक्षी बघायला भिगवणला जायचं ठरवलंय. तोवर ३०० मिमीपर्यंत जाणारी झूम लेन्स घ्यायची आहे. बजेट १५ हजार, फारच ताणलं तर १८. जुनी चालेल. निकॉनचीच घ्यावी की टॅमरॉन, सिग्मा वगैरे? दुकानात विचारलं तर तो म्हणतो, "साहेब, सगळ्या सारख्याच." म्हणून इथे आलो.

---

अर्धास्टॉप | ३ डिसेंबर, रात्री १०.५२

धाग्यात स्वागत. एवढा विचार कशाला? निकॉनचीच ७०-३०० एएफ-पी घ्या. हलकी आहे, आवाज नाही, झटकन फोकस होते. डोळे झाकून घ्या.

---

कवडीपाटकर | ३ डिसेंबर, रात्री ११.२०

टेकडीकर, कृपया डोळे उघडे ठेवा.

एएफ-पी लेन्स डी५१०० वर चालत नाही. ऑटोफोकस सोडाच, हातानेही फोकस करता येत नाही, कारण तिच्या रिंगचा भिंगांशी थेट संबंधच नसतो. रिंग फिरवली की कॅमेऱ्याने मोटरला सांगायचं, आणि तुमच्या कॅमेऱ्याला ती भाषाच कळत नाही. डी३१००, डी९०, डी७००० यांचंही तेच. लेन्स बसते छान, लॉकचा खट्ट आवाजही येतो, म्हणून माणूस फसतो.

---

अर्धास्टॉप | ३ डिसेंबर, रात्री ११.३१

अरे हो. माझा डी५६०० आहे, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही. शब्द मागे.

---

फुकटसल्ला | ४ डिसेंबर, सकाळी ७.०५

माझ्या फोनला १००एक्स झूम आहे. खर्च शून्य. चंद्रावरचे खड्डे दिसतात.

---

कवडीपाटकर | ४ डिसेंबर, सकाळी ७.४०

फुकटसल्ला, चंद्र उडत नाही.

---

भिंगरी | ४ डिसेंबर, दुपारी २.१०

या विषयावर मी पदरचे पैसे घालून शिकले आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

टेकडीकर, तुमच्या कॅमेऱ्याची एक गोष्ट आधी लक्षात घ्या. डी३०००, डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या अंगात फोकसची मोटर नाही. म्हणजे मोटर लेन्समध्ये हवी. बाजारात निकॉनचीच एक जुनी ७०-३०० फिरत असते, नावापुढे फक्त 'जी', स्टॅबिलायझर (हाताची थरथर झेलणारी सोय) नाही, मोटर नाही. दोन-चार हजारांत मिळते आणि दुकानदार "ओरिजिनल निकॉन आहे ताई" म्हणून हातात देतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ती फक्त हाताने फोकस होईल. उडणाऱ्या बगळ्यामागे हाताने रिंग फिरवून बघा एकदा, मग सांगा.

ओळखायची खूण सोपी आहे. लेन्स उलटी करा आणि मागच्या धातूच्या कड्याकडे बघा. कडेला स्क्रूच्या डोक्यासारखी खाच असलेला एक बारीक दांडा दिसला, तर ती कॅमेऱ्यातल्या मोटरच्या भरवशावर चालणारी लेन्स. तुम्ही ती खाली ठेवायची.

आता टॅमरॉन. तिच्या दोन जुन्या ७०-३०० बाजारात फिरत असतात आणि लोक दोन्हींना 'टॅमरॉनची ७०-३००' एवढंच म्हणतात, तिथे सगळा घोळ होतो.

पहिली ए१७. स्वस्त आणि हलकी, अर्ध्या किलोच्या आतली. १८० ते ३०० च्या टप्प्यात एक मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचं, बटण आहे, त्यावर फुलपाखराचे फोटो इतके सुरेख येतात की किमतीवर विश्वास बसत नाही. पण स्टॅबिलायझर नाही. फोकस होताना मिक्सरसारखी घरघर करते आणि एकदा चुकली की या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येते, तोवर पक्षी लोणी काळभोरला पोचलेला असतो. आणखी एक, ३०० वर पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी रेघ येते. माझ्याकडे एका बगळ्याचा फोटो आहे, त्याला चक्क जांभळा काठपदर आहे. निकॉनसाठी हिच्या सुरुवातीच्या आवृत्तीत मोटर नव्हती, नंतरच्या आवृत्तीत आली. म्हणजे खाच बघणं इथेही आलंच.

दुसरी ए००५, नावात 'एसपी', 'व्हीसी', 'यूएसडी' अशी सगळी बिरुदं. २०१० मध्ये आली. स्टॅबिलायझर आहे (तोच 'व्हीसी'), अल्ट्रासॉनिक मोटर आहे, फोकस जवळजवळ बिनआवाजाचा. वजन ७६५ ग्रॅम, म्हणजे दिवसभर गळ्यात घातल्यावर मान बोलते. दीड मीटरच्या आतलं काही फोकस होत नाही, त्यामुळे फुलपाखरं विसरा. जुनी चांगली मिळाली तर तुमच्या बजेटमध्ये बसेल.

सिग्माच्याही ७०-३०० आहेत. साधी, लाल पट्टीवाली एपीओ आणि नंतरची स्टॅबिलायझरवाली. साधी आणि एपीओ यात निवडायची वेळ आली तर एपीओ. मोटरची अट तीच.

माझं मत विचाराल तर जुनी ए००५. पैसे कमी पडले तर निकॉनची ५५-३०० व्हीआर बघा. फोकस सावकाश होतो, पण मोटर आत आहे आणि तुमच्या कॅमेऱ्याशी कुरबुर करणार नाही.

---

साळुंकी | ४ डिसेंबर, दुपारी ४.३०

भिंगरीताई, वाखूसा (वाचनखूण साठवली)!

ए१७ च्या मॅक्रो बटणावरून आठवलं. मी ते चालू ठेवून लेन्स पिशवीत टाकली होती. दुसऱ्या दिवशी झूम १८० च्या खाली येईना. मोडली म्हणून दुकानात नेली, तिथल्या पोऱ्याने बटण सरकवलं आणि माझ्याकडे जे बघितलं ना!

---

बुरशीग्रस्त | ४ डिसेंबर, रात्री ९.००

नावावरून कळलंच असेल मी काय सांगणार ते.

जुनी घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च नेल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. मी एकदा ऑगस्टमध्ये, बाहेर अंधारून आलेलं असताना, ट्यूबलाइटखाली लेन्स बघून घेतली. काच आरशासारखी. घरी येऊन सहज टॉर्च लावला तर आत कोळ्याचं जाळं. बारीक पांढरे तंतू, एका कडेपासून मध्यापर्यंत. दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडेच आली असेल." एका रात्रीत?

पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपला हिरव्या होतात, लेन्सचं काय घेऊन बसलात. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा, त्यात सिलिका जेल आणि पाच-सहाशेचा आर्द्रता मोजणारा छोटा काटा. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून घ्यायचे. त्या कढईत नंतर पोहे करायचे नाहीत, हेही अनुभवाचे बोल.

---

कवडीपाटकर | ५ डिसेंबर, सकाळी ८.१५

भिंगरी यांच्याशी बाकी सगळं सहमत, एक मुद्दा सोडून. स्टॅबिलायझरला त्या फार भाव देतायत.

स्टॅबिलायझर तुमचा हात स्थिर करतो, पक्ष्याला नाही. भिगवणला तुम्ही कुंभारगावच्या होडीत बसणार. होडी हलते, पक्षी उडतो, म्हणजे शटर सेकंदाच्या हजारांशाच्या पुढेच ठेवावा लागतो. त्या वेगाला हाताची थरथर आपोआप मरते. लख्ख ऊन असेल तर आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ४०० आणि एफ/८ ला (लेन्सचं छिद्र जरा लहान करून) शटर सोळाशेच्या, म्हणजे १/१६०० सेकंदाच्या, आसपास सहज मिळतो. मग स्टॅबिलायझरसाठी दुप्पट पैसे कशाला? ए१७ घ्या, एफ/८ वर वापरा, उरलेल्या पैशांत दोनदा भिगवण करा. फोटो लेन्सपेक्षा फेऱ्यांनी सुधारतात.

आता हिशेब बघा, हा कोणी सांगत नाही. छोटा खंड्या साधारण १७ सेंटीमीटरचा. तो २० मीटरवर बसलाय. तुमच्या कॅमेऱ्यावर ५५ मिमीला त्याची लांबी शंभर पिक्सेलही भरत नाही. म्हणजे पिशवी आणि खंड्या यांत गफलत व्हायचीच, लेकीचं काही चुकलेलं नाही. ३०० ला तोच पक्षी पाचशेच्या वर जातो. आणि तुम्ही २० ऐवजी १० मीटरवर गेलात तर हजाराच्या वर, जे ६०० च्या लेन्सने २० मीटरवरून मिळालं असतं. १० मीटर पुढे सरकायला पैसे पडत नाहीत. गाडीतून उतरू नका, काच खाली करा, खिडकीवर तांदळाची पुरचुंडी ठेवा, तिच्यावर लेन्स टेकवा. गाडीला पक्षी फारसे भीत नाहीत, माणूस उतरला की उडतात.

---

भिंगरी | ५ डिसेंबर, सकाळी ११.४०

कवडीपाटकर, लख्ख उन्हाचा हिशेब बरोबर. पण उजाडता उजाडता, सूर्य जेमतेम वर आलेला असताना काय करता? आणि सिंहगडाच्या खोऱ्यात, झाडीच्या सावलीत स्वर्गीय नर्तक येतो तेव्हा? तिथे सोळाशे सोडा, दोनशे मिळवताना आयएसओ कुठल्या कुठे जातो. बसलेल्या पक्ष्याला तेवढ्या वेळात व्हीसी हात देतो.

दुसरं म्हणजे ३०० ला व्ह्यूफाइंडरमधलं चित्र नाचत असतं. ए००५ चं बटण अर्धं दाबलं की सेकंदभरात ते चिकटल्यासारखं थांबतं. नवशिक्याला पक्षी चौकटीत सापडणं हीच निम्मी लढाई असते. शटर नंतर.

तांदळाची पुरचुंडी मात्र लाख मोलाची. मी मूग वापरते.

---

पाचवा_मजला | ५ डिसेंबर, दुपारी १.००

अवांतर: १८-४०० घेतली तर? एकच लेन्स, बदलायची कटकट नाही. लग्न, पालखी, पक्षी सगळं एकातच.

आणि माझ्याकडे निकॉन झेड५० आहे, टॅमरॉनची नवी ७०-३०० त्यावर कशी?

---

भिंगरी | ५ डिसेंबर, दुपारी ३.२५

१८-४०० पालखीला उत्तम. दिवे घाटात समोर वारी, मागे उंचावर घाटाची वळणं, लेन्स बदलायला ना जागा ना वेळ. पक्ष्यांसाठी घेऊ नका. इतक्या मोठ्या पल्ल्याच्या लेन्सला टोकाला तडजोड करावीच लागते, आणि पक्ष्यांचे फोटो सगळे टोकालाच काढायचे असतात. शिवाय टेकडीकरांच्या बजेटमध्ये ती नाहीच.

मिररलेसवाली, म्हणजे झेड५० सारख्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीची, टॅमरॉन हलकी आणि चांगली आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझर नाही आणि झेड५० च्या बॉडीतही नाही. ज्या बॉडीत तो आहे तिच्यावर ती शोभते. यासाठी वेगळा धागा काढा हो, इथे डी५१०० चं लग्न जमतंय.

---

टेकडीकर | ६ डिसेंबर, रात्री ११.४५

सगळ्यांचे जाहीर आभार. आज बुधवार पेठेत तीन दुकानं पालथी घातली. लेक सोबत होती, टॉर्च तिच्या हातात. वृत्तान्त देतो.

पहिल्या दुकानात भिंगरीताईंनी सांगितलेली 'जी' अक्षरशः तशीच समोर आली. "ओरिजिनल निकॉन, सर." उलटी केली, खाच दिसली, लेकीने माझ्याकडे बघितलं, मी लेन्स खाली ठेवली. दुकानदाराचा चेहरा पडला.

दुसऱ्या दुकानात एक स्टॅबिलायझरवाली ७०-३०० होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष त्या एका नगाचा होता. टॉर्चमध्ये स्वच्छ. मागच्या कड्याजवळ बारीकशी पितळी कळ असते, ती नखाने सरकवली की आतली पाती उघडतात आणि आरपार दिसतं, तेही करून बघितलं. मग कॅमेऱ्याला लावून रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर ३०० ला फोकस केला. व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्या फोटोत पाटी भुरकट आणि तिच्या पुढची विजेची तार मात्र लख्ख. तीच पाटी मागच्या स्क्रीनवर, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून काढली तर अक्षरं कोरल्यासारखी. तीनदा केलं, तीनदा तेच. म्हणजे काच चांगली, पण लेन्स आणि कॅमेरा यांचं जमत नाही, फोकस पुढे पडतोय. दुकानदार म्हणाला, "मेन्यूतून ॲडजस्ट होतं." मेन्यू उघडून दाखवा म्हटलं. डी५१०० मध्ये ती सोयच नाही. महाग बॉडींत असते.

तिसऱ्या दुकानात ए००५ मिळाली. रबरी रिंग सैल झालीय, हूडला ओरखडे, पण काच स्वच्छ, पाटी दोन्ही प्रकारे लख्ख. घासाघीस करून साडेतेरा हजार. बिलावर नंबर लिहून घेतला आणि सात दिवसांत परत करायची मुदत पेनाने लिहून सही घेतली. पेनाने लिहा म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "कुणी शिकवून पाठवलंय वाटतं तुम्हाला."

कवडीपाटकर, तुमचा मुद्दा पटला होता, पण लेकीने ए१७ आणि ही, दोन्ही डोळ्याला लावून बघितल्या. व्हीसीने चित्र थांबल्यावर ती म्हणाली, "बाबा, हीच." पुढे बोलणं खुंटलं.

---

बुरशीग्रस्त | ७ डिसेंबर, सकाळी ६.५०

अभिनंदन! डबा घेतलात का?

---

टेकडीकर | ७ डिसेंबर, सकाळी ७.१०

बायकोचा लोणच्याचा घेतला. ती अजून या धाग्यापर्यंत पोचलेली नाही.

---

कवडीपाटकर | ७ डिसेंबर, सकाळी ९.३०

लेकीने ठरवल्यावर मी कोण बोलणार! भिगवणसाठी तीन गोष्टी. सकाळी साडेसहाला होडीत बसा. दहाच्या पुढे पाण्यावरची हवा तापते आणि लांबचे पक्षी झिरमिळीच्या पडद्यामागे गेल्यासारखे दिसतात. तेव्हा लेन्सला शिव्या देऊ नका, त्याला दोन लाखांच्या लेन्सकडेही औषध नाही. ट्रायपॉड घरीच ठेवा, होडीत तो फक्त दुसऱ्याच्या पायात येतो. आणि होडीवाल्याला सांगा की पक्ष्यांना उठवायचं नाही. काही जण उडतानाचा फोटो मिळावा म्हणून मुद्दाम थवा उठवायला लावतात. त्या एका फोटोपायी पक्ष्यांची खाण्याची वेळ फुकट जाते.

---

टेकडीकर | १९ जानेवारी, रात्री ९.३०

धागा वर काढतोय. काल भिगवण झालं.

आधी वाईट बातमी. उजनी धरण अजून भरलेलं आहे, चिखलाचे पट्टे उघडेच पडलेले नाहीत, त्यामुळे रोहित (फ्लेमिंगो) एकही नाही. होडीवाला म्हणाला, पाणी उतरलं की येतील, परत या. लेकीचं तोंड एवढंसं झालं. मग पलीकडच्या काठाला पट्टकदंबांचा थवा दिसला, डोक्यावरचे दोन काळे पट्टे फोटोत मोजता येतायत. चित्रबलाक तर होडीपासून इतक्या जवळ की ३०० वरून मागे, १५० वर यावं लागलं.

लेन्सबद्दल: सूर्योदयाच्या आसपास फोकस दोन-तीनदा चुकला, मग फोकसचे सगळे बिंदू सोडून फक्त मधला एकच ठेवला, तेव्हा जमलं. ३०० ला एफ/५.६ वर जरा मऊ, एफ/८ वर पिसं सुटी दिसतात. उडणाऱ्या पक्ष्यांचे साठ फोटो काढले, पाच ठेवण्यासारखे. मान अजून दुखतेय.

पाच फोटो खाली टाकतोय. लेकीच्या वहीतलं कालचं पान असं: "नदीसुरय. सकाळी ७.२०. पाण्यावर सूर मारून मासा घेतला. पिशवी नाही."

---

अर्धास्टॉप | १९ जानेवारी, रात्री ९.५०

दुसरा प्रचि (प्रकाशचित्र) भारी! शटर किती होता?

---

टेकडीकर | १९ जानेवारी, रात्री १०.०२

१२५०, एफ/८, आयएसओ ८००.

---

भिंगरी | १९ जानेवारी, रात्री १०.४०

मस्तच. दुसरा नदीसुरयच, पिवळी चोच स्पष्ट आहे. चौथ्याखाली पण तुम्ही नदीसुरय लिहिलंय, तिथे चोच काळी आणि जाड दिसतेय. तो दुसराच सुरय आहे. लेकीला दाखवा.

---

टेकडीकर | १९ जानेवारी, रात्री १०.५५

दाखवला. तिच्या वहीत त्याच्यापुढे कालच प्रश्नचिन्ह पडलंय. खालचं नाव मी लिहिलं होतं.